ओळख पटली, पण कुणी थांबलं नाही

पत्र थोडं कापून देतोय, मुद्दा तोच ठेवलाय.

"दादा, मी सहा वर्षं वॉटरकलर करते. क्लास म्हणाल तर तीन महिन्यांचा, बाकी सगळं माझं मीच. मी फक्त ओळखीच्या जागा रंगवते, चौकातला घड्याळाचा मनोरा, नदीवरचा जुना दगडी पूल, तळ्याकाठचं मोठं झाड, पाठीमागचा डोंगर. मागच्या महिन्यात एका हॉलमध्ये माझी बारा चित्रं लावली होती. लोक आले, 'अरे हा तर आपला पूल!' म्हणाले आणि पुढे गेले. एकजण म्हणाला 'अगदी फोटोसारखं', तो बिचारा कौतुकच करत होता पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण मग फोटोच का नको? शिवाय माझं चित्र शेवटी शेवटी मळकट होतं, ते का हेही कळत नाही. आता वाटतं ओळखीच्या जागा सोडून काहीतरी कल्पनेतलं, मॉडर्न करावं. की सोडूनच द्यावं? ता.क. घरात चाळीसेक जुनी शीट्स पडलीत, ती रद्दीत द्यावीत का?"

ताई,

सोडू नका. चित्रं काढणंही सोडू नका आणि त्या चार जागाही सोडू नका. पत्र तीनदा वाचलं आणि मला वाटतं तुमची अडचण जागेची नाहीच, अडचण अशी आहे की तुम्ही एका कामावर खूप जास्त मेहनत घेताय जे काम अगदी थोडक्यात होण्यासारखं आहे, आणि ते म्हणजे ओळख पटवणं.

एक करून बघा. कागदावर पेन्सिलीने एक उभा चौकोन काढा, वरच्या टोकाला एक गोल, बस. तुमच्या चौकातला कुणीही माणूस म्हणेल घड्याळाचा मनोरा. तीन कमानी आणि खाली एक आडवी रेघ, झाला पूल. बघणाऱ्याच्या डोक्यात ती जागा आधीच पूर्ण भरलेली असते, लहानपणापासून तो तिथून हजार वेळा गेलेला असतो, त्याला फक्त एक खूण लागते, बाकीचं तो स्वतः आणतो. अनोळखी जागेचं चित्र काढणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, तिथे हे काय आहे हे सांगण्यातच अर्धं चित्र जातं. तुम्हाला ते फुकट मिळतंय ताई, आणि तरी तुम्ही (मी अंदाज करतोय, पण 'फोटोसारखं' या शब्दावरून करतोय) पुलाचा दगड न् दगड काढताय, मनोऱ्याच्या खिडक्या मोजून काढताय, म्हणजे ज्या गोष्टीचा पुरावा कुणी मागितलाच नाही त्याचा पुरावा देत बसलाय. मग माणूस चित्रासमोर येतो, चित्र त्याला विचारतं 'ओळख मी कोण', तो म्हणतो 'पूल', उत्तर बरोबर, संपलं. थांबायला त्याला दुसरं काही ठेवलेलंच नाही.

ओळखीच्या जागा रंगवण्यात काही कमीपणा आहे असं मनात आलं असेल तर ते आधी काढून टाका. टर्नर या इंग्रज चित्रकाराने १८४२ साली, साठी केव्हाच उलटलेली असताना, स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या तळ्यावरून दिसणारा रिगी नावाचा एकच डोंगर वॉटरकलरमध्ये रंगवला, ब्लू रिगी, रेड रिगी, डार्क रिगी अशी तीन चित्रं आज त्याच नावांनी ओळखली जातात. डोंगर तोच, नावातसुद्धा बदललाय तो फक्त रंग, म्हणजे वेळ. सेझान या फ्रेंच चित्रकाराने आपल्या गावाजवळचा सेंट व्हिक्टोयर डोंगर आयुष्यभर, १९०६ मध्ये जाईपर्यंत, परत परत रंगवला, तेलात आणि पाण्यातही, आणि त्याची उतारवयातली वॉटरकलर्स बघाल तर बराचसा कागद नुसता कोराच सोडलेला दिसतो. मोने या फ्रेंच चित्रकाराने तर १८९२ आणि ९३ मध्ये फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथेड्रलची, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चची, तीसच्या वर कॅनव्हासं केली, ती ऑइलमध्ये आहेत, पण पद्धत आपल्या कामाची आहे, तो एकाच वेळी अनेक कॅनव्हास लावून ठेवायचा आणि उजेड बदलला की पुढच्या कॅनव्हासकडे जायचा. म्हणजे एवढी मोठी इमारत त्याने उजेड टांगायची खुंटी म्हणून वापरली.

माझं स्वतःचं सांगतो. आमच्या गच्चीवरून एक पाण्याची टाकी दिसते, सिमेंटची, चार खांबांवर उभी, त्यात सुंदर म्हणावं असं काही नाही. एक वर्ष मी फक्त तीच केली, दर आठवड्याला एक, पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर. पहिली दहा-बारा सगळी सारखीच झाली, शिडी, पाइप, कठडा, सगळं जागच्या जागी, आणि कंटाळा आला. मग एका दुपारी वेळच कमी होता, ढग भरून आले होते, मागचं आभाळ टाकीपेक्षा गडद झालं होतं (हे नेहमीच्या उलट, एरवी आभाळ उजळ आणि टाकी गडद), मी पटकन मागचं आभाळ घातलं आणि टाकीचा कागद तसाच पांढुरका सोडून दिला, शिडी वगैरे काही काढलंच नाही. ते सगळे तुकडे टेबलावर पसरले होते तेव्हा शेजारच्या काकू आल्या, बाकीच्यांवरून त्यांची नजर सरळ गेली आणि त्या एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे त्या दिवशीचं ना, कपडे काढायला धावलो होतो आपण सगळे?" टाकी त्यांनी ओळखली की नाही हे त्यांनी सांगितलंसुद्धा नाही. मला त्या दिवशी जे कळलं ते मी तुम्हाला या पत्रात लिहितोय.

आता फोटोचं. तुम्ही फोटोवरून काम करता असं तुम्ही लिहिलं नाही पण मला जवळजवळ खात्री आहे, कारण तीन गोष्टी फोनच्या फोटोतून चित्रात हटकून येतात. एक म्हणजे डोंगर बुटका होतो. फोनचा नेहमीचा कॅमेरा बऱ्यापैकी वाइड असतो, त्यात जवळचा रस्ता अवाढव्य पसरतो आणि लांबचा डोंगर मागे चिमुकला होऊन बसतो, तुम्हाला तिथे उभं राहून तो जेवढा मोठा वाटतो तेवढा तो फोटोत कधीच येत नाही. तर चित्रात त्याला खुशाल मोठा करा, ते खोटं नाही. दुसरं, मनोऱ्याचा फोटो घ्यायला आपण फोन वर तिरका करतो आणि मग मनोऱ्याच्या दोन्ही कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, डोळ्याला प्रत्यक्षात ते जाणवत नाही पण तसंच्या तसं उतरवलं की मनोरा मागे पडतोय असं दिसतं. तिसरं सगळ्यात वाईट, भर उन्हात फोटोतल्या सावल्या काळ्याकुट्ट होतात किंवा आभाळ पांढरंफटक होतं, आणि खऱ्या सावलीत जे रंग असतात, आभाळाचा निळा, खालच्या जमिनीवरून उसळून आलेला पिवळट उजेड, ते जवळजवळ जातातच. तुम्ही मग सावलीसाठी काळा किंवा पेन्स ग्रे (तो निळसर गडद राखाडी) घेता. बरोबर ना?

म्हणून निदान रंगाची नोंद तरी जागेवर जाऊन करा. पूर्ण चित्र तिथे करायची गरज नाही, लोक मागे उभे राहतात, संकोच वाटतो, मला आजही वाटतो. पण पंधरा मिनिटं पुरतात. छोटी वही, एक पेन्सिल, आणि बसल्याबसल्या आधी सावल्यांचे आकार काढून घ्या, कारण सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो आणि तुम्ही कमानी काढत बसलात की तोवर सावली दुसरीकडे गेलेली असते आणि मग अर्धी सावली नऊची, अर्धी दहाची असं विचित्र काहीतरी तयार होतं. सावल्या झाल्या की रंगाबद्दल नुसते शब्द लिहा, 'पुलाची सावलीतली बाजू गार, जांभळट', 'पाणी आभाळापेक्षा गडद', असं. घरी आल्यावर फोटो फक्त मापासाठी उघडा आणि रंगासाठी वही.

पुलाचंच घेऊ कारण त्यात शिकायला सगळ्यात जास्त आहे. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं करून चिकटवणं नाही. पाणी पुलाकडे खालून बघतं. त्यामुळे काठावर उभं राहून तुम्हाला कमानीचा पोटाकडचा भाग जेवढा दिसतो त्यापेक्षा पाण्यात तो जास्त दिसतो, आणि पुलामागचं घर वर दिसत असलं तरी पाण्यात ते पुलाआड लपलेलं असू शकतं. प्रतिबिंबात साधारणपणे उजळ गोष्ट थोडी गडद होते आणि गडद गोष्ट थोडी उजळ, म्हणजे पाण्यातला पूल वरच्या पुलापेक्षा मवाळ. एवढं नुसतं बरोबर बघितलंत तर दगडांच्या सांध्यांची एकही रेघ न काढता पूल पाण्यावर उभा राहतो. आणि दगड काढायचेच असतील तर पाच काढा, ऊन आणि सावली जिथे भेटते तिथे, भर उन्हात डोळे दिपतात आणि भर सावलीत काही दिसत नाही, खरखरीतपणा कळतो तो मधल्या पट्ट्यातच. झाडाचं पण तसंच, पानं काढू नका, झाडाच्या मधून दिसणारे आभाळाचे तुकडे काढा, आणि ते मोकळ्या आभाळापेक्षा एक छटा गडद ठेवा नाहीतर झाडाला भोकं पडल्यासारखी दिसतात.

मळकटपणाकडे येतो, यावर मी थोडा कडक आहे. रंग मळतो तो बहुतेक वेळा रंगामुळे नाही, अविश्वासामुळे मळतो. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, घातला, ओला असताना छान गडद दिसला, वाळल्यावर फिका पडला (वॉटरकलर वाळल्यावर फिका होतोच, हा त्याचा स्वभाव आहे, तेवढा आधीच जास्त गडद घालायचा असतो), मग तुम्ही त्याच्यावर दुसरा घातला, मग तिसरा, आणि मध्येच अर्धवट ओलं असताना ब्रश फिरवला. ती अर्धवट ओली अवस्था म्हणजे सगळ्यात धोक्याची. कागद पूर्ण ओला चकाकत असेल तर रंग मऊ पसरतो, पूर्ण कोरडा असेल तर स्वच्छ कड मिळते, मधल्या वेळेत चकाकी नुकतीच गेलेली असते तेव्हा पाणी असलेला ब्रश लागला की खालचा रंग ढकलला जातो आणि फुलकोबीसारखे डाग पडतात. तेव्हा ब्रश ठेवायचा आणि उठून दुसरं काहीतरी करायचं. कागदाला हाताची मागची बाजू लावून बघा, गार लागला म्हणजे आत अजून ओल आहे.

कागद कुठला वापरता ते लिहिलं नाहीत. साध्या ड्रॉइंग पेपरवर किंवा दीडशे-दोनशे जीएसएमवर (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) करत असाल तर निम्मा दोष त्याचा, तो पाणी लागलं की फुगतो, खड्डे पडतात, खड्ड्यात रंग साचतो. ३०० जीएसएमचा, शक्यतो कॉटनचा, कोल्ड प्रेस म्हणजे थोडा खरखरीत घ्या. महाग पडतो हे मान्य, पण एका शीटचे आठ तुकडे करा. मी अगदी मनापासून सांगतो, साध्या ट्यूबा आणि चांगला कागद चालतो, चांगल्या ट्यूबा आणि साधा कागद चालत नाही.

आणि रंग कमी करा. पॅलेटमध्ये चोवीस असतील तर पाच-सहा ठेवा. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या दोघांतून दगडाचे, ढगाचे, सावलीचे सगळे राखाडी निघतात, निळा जास्त तर गार, तांबूस जास्त तर उबदार, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यात बसतात त्यामुळे दगडाचा पोत आपोआप येतो, जो पोत तुम्ही तासभर बसून रेघांनी काढत असाल. काळी ट्यूब ड्रॉवरमध्ये. पांढरी पण. पांढरा म्हणजे कागद, तो आधीच ठरवून सोडायचा असतो आणि वॉटरकलरमधलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच आहे, घालणं नाही, न घालणं. चित्रकार हळदणकरांची ती दिवा हातात घेतलेली बाई, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली, ती ऑइल नाही, वॉटरकलर आहे. दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर एवढा का वाटतो ते बघायचं असेल तर चेहरा सोडा आणि भोवतीचा अंधार बघा.

आता करायचं काय. पुढचे तीन महिने फक्त पूल. मनोरा, झाड, डोंगर सगळे बंद. वहीच्या पानाएवढी, त्यापेक्षा मोठी नाही, दहा-बारा चित्रं, प्रत्येक वेगळ्या वेळेचं. सुरू करायच्या आधी पेन्सिलीने आगपेटीएवढा चौकोन काढायचा आणि त्यात फक्त तीन टोन, पांढरा, मधला, गडद, डोळे बारीक करून बघितलं की पूल त्या तिनांतच दिसतो. तो चौकोन जमला नाही तर रंग उघडायचेच नाहीत. आणि प्रत्येक चित्र सुरू करताना मनाशी एकच वाक्य ठरवायचं, 'आज धुकं पुलाचे पाय खातंय', 'आज पूल आभाळापेक्षा उजळ आहे', आणि त्या वाक्यात जे बसत नाही ते कितीही खरं असलं तरी काढायचं नाही. दिव्याचा खांब खरंच तिथे आहे हे कारण पुरेसं नाही. सगळ्यात मोठा ब्रश जेवढा वेळ चालेल तेवढा वेळ चालवा, बारीक ब्रश शेवटच्या पाच मिनिटांत, आणि चाळीस मिनिटांनंतर उठा, अपुरं वाटलं तरी उठा. दुसऱ्या दिवशी बघाल तेव्हा त्यातली निम्मी अपुरी वाटणार नाहीत.

मॉडर्नबद्दल, करावंसं वाटलं तर जरूर करा, त्यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त पुलावर रागावून जाऊ नका. जो माणूस पूल बघताना थकला तो आकार आणि रंगाचे पॅच बघताना पण थकेल, डोळा तोच असतो. खरं तर वर म्हटलं तशी दहा-बारा चित्रं केलीत की शेवटची दोन-तीन आपोआपच बरीच मोकळी होतील, पूल नुसता एक आडवा गडद पट्टा उरेल, आणि ते तुम्ही ठरवून केलेलं नसेल.

त्या गृहस्थांचं 'फोटोसारखं' मनातून काढून टाका, त्यांना हात चांगला आहे असं म्हणायचं होतं आणि त्यांच्याकडे तेवढाच शब्द होता. हात चांगला आहेच, सहा वर्षं कुणी उगीच करत नाही. पुढच्या वेळी चित्रं लावाल तेव्हा खाली 'दगडी पूल' असं लिहू नका, ते त्यांना माहितीये. 'साडेसहा, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर' असं लिहा, मग बघणारा पुलाचं नाव शोधत नाही, ती सकाळ शोधतो.

लावण्यावरून आठवलं, हॉलमध्ये ऊन येतं का? वॉटरकलरवर थेट ऊन पडू देऊ नका. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी यांनी यावर सविस्तर अहवाल केला होता, प्रकाशाने कुठले रंग उडतात याचा, म्हणजे ही भीती जुनीच आहे आणि खरी आहे. जुन्या पद्धतीचा ॲलिझरिन क्रिमझन हा गडद लाल आणि ते झगमगीत गुलाबी फार लवकर उडतात, ट्यूबवर पीआर ८३ असं बारीक लिहिलेलं असतं तो ॲलिझरिन, तो असेल तर त्याऐवजी क्विनॅक्रिडोन नावाचा लाल घ्या. काचेत लावा आणि काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची किनार, हवा.

राहिली ती चाळीस शीट्स. रद्दीत मुळीच नाही. आधी सगळी जमिनीवर पसरा आणि लांब उभं राहून बघा, मला खात्री आहे कुठेतरी एखाद्या कोपऱ्यात, बहुतेक जिथे तुमचं लक्ष नव्हतं तिथे, एखादा आभाळाचा किंवा पाण्याचा तुकडा अगदी जिवंत उतरलेला सापडेल. पुठ्ठ्याची एक छोटी चौकट कापून ती चित्रांवरून फिरवा म्हणजे ते तुकडे लवकर सापडतात, ते कापून वहीत चिकटवा, तारीख आठवत असेल तर लिहा. उरलेली शीट्स उलटी करा, चांगल्या कागदाची मागची बाजूही चालते. तुमच्या पुलाच्या सकाळच्या पहिल्या पाच-सहा चित्रांचा कागद तिथेच आहे, नवीन शीट वाया जाईल ही भीती त्यात राहत नाही आणि हात सैल चालतो.

झाली की त्यातली तीन पाठवा. चांगली निवडून नको, सलग तीन.